निवृत्तीचं वय ५८ की ६०? आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या पन्नाशीतल्या माणसाचं काय?

टाइम_ऑफिस

निवृत्तीचं वय ५८ ठेवायचं की ६० करायचं, हा विषय आपल्याकडं निघाला की सरकारी नोकरीपाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. मला कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित आणि उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतींतल्या माणसांबद्दल बोलायचंय. मी एका फाउंड्रीच्या (धातूचा रस साच्यात ओतून भाग करणारा कारखाना) टाइम ऑफिसात आहे. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि निवृत्त होणाऱ्याचे कागद, हे रोजचं काम.

सरकारी बाजू आधी सांगून टाकतो. केंद्रानं १९९८ साली आपल्या कर्मचाऱ्यांचं वय ५८ वरून ६० केलं. महाराष्ट्रात गट ड ला ६०, बाकीचे बहुतेक ५८ वरच. कर्नाटकात ६०, गोव्यात ६०. तेलंगणानं २०२१ मध्ये ६१ केलं, आंध्रनं २०२२ मध्ये ६२. म्हणजे निपाणीच्या तहसीलमधला कारकून ६० पर्यंत नोकरीत आणि पलीकडं कागलचा ५८ ला घरी. संघटना चिडतात ते समजू शकतो.

पण कारखान्यात चित्र वेगळं आहे. तिथंही स्थायी आदेशांत किंवा करारात बहुतेक ५८ च लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ५८ पूर्ण करून हार-नारळ घेऊन बाहेर पडणारा कामगार दिवसेंदिवस कमी दिसायला लागलाय. कायम कामगार जेमतेम, बाकी सगळे ठेक्यावर. ठेक्यावरच्या माणसाला निवृत्तीचं वय नसतं. एक दिवस ठेकेदार सांगतो, उद्यापासून येऊ नका. त्या दिवशी त्याचं वय ४८ असेल नाहीतर ५२.

ज्यांनी फेटलिंग शॉप बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साचा मोडून कास्टिंग (ओतलेला भाग) बाहेर आलं की त्याचे रनर-रायझर (रसाच्या वाटांत गोठलेला धातू) तोडायचे, कडेला राहिलेला जादा धातू ग्राइंडरनं काढायचा. हातात सहा-सात किलोचं मशीन, समोर ठिणग्या, नाकातोंडात वाळूची धूळ. कंप सतत हातात जातो. दहा-पंधरा वर्षांनी बोटं बधिर होतात, सकाळी शर्टाची बटणं लागत नाहीत. पस्तिशीत जो माणूस पाळीत शंभर नग काढतो तो पन्नाशीत सत्तर काढतो. नगावर पगार असला तर उत्पन्न तिथंच घसरतं, आणि नगावर नसला तर तो सुपरवायझरच्या नजरेत येतो. या माणसाचं निवृत्तीचं वय कागदावर ६० करा नाहीतर ६२ करा, त्याला काही फरक पडत नाही. तो तिथवर पोचतच नाही.

आता पेन्शन. ईपीएस-९५, म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन योजना, तिच्यातलं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. हिशोब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा आज १५०००, २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६५००. नोव्हेंबर १९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हापासून एकही वर्ष खंड न पडता ३० वर्षं काम केलेला, आणि कायम मर्यादेइतका पगार घेतलेला माणूस धरला, तरी वीस वर्षांवरच्या नोकरीची दोन वर्षांची सूट मिळवून पेन्शन साडेचार हजारांच्या आत-बाहेर येतं. हे सगळ्यात चांगलं उदाहरण झालं. माझ्या हातून गेलेले बरेच फॉर्म दोन-अडीच हजारांचे असतात.

म्हणून माझं म्हणणं असं की वय वाढवण्याच्या आधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. पन्नाशीनंतर अंगाला झेपेल असं काम त्याच कारखान्यात मिळालं पाहिजे, आणि काम सुटलं तर जगता येईल एवढं पेन्शन पाहिजे. या दोन्ही नसताना नुसता आकडा पुढं सरकवला तर ज्याची खुर्ची आधीच पक्की आहे त्याचीच सोय होते. तुमचं काय मत?

सम्राटनगरकर

जिल्हा परिषदेत आहे, ५६ पूर्ण. कामगारांबद्दल लिहिलंय ते पटलं, पण शेवटचं वाक्य आम्हाला लागलं. "खुर्ची पक्की" म्हणताना आमची घरंही बघा. मी उशिरा लागलो. धाकटी मुलगी बारावीला आहे, घराच्या कर्जाचे हप्ते अजून बाकी. ५८ ला उतरलो तर तिचं शिक्षण पूर्ण व्हायच्या आधी पगार बंद.

दुसरं म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात आपल्या जिल्ह्यातूनही केवढे लोक रस्त्यावर उतरले होते ते आठवत असेल. त्यांच्यासाठी नोकरीची दोन वर्षं जादा म्हणजे खात्यात दोन वर्षांची भर जादा. आणि सरकारलाही ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी देणं), ३०० दिवसांच्या रजेचे पैसे दोन वर्षं पुढं ढकलता येतात.

आमच्याकडं ३१ मे ला या आणि बघा. पूर्वी गुरुजी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लावायचे, त्यामुळं त्या एका दिवशी खात्याखात्यांतली जाणती माणसं एकदम बाहेर पडतात. गावठाणाच्या जुन्या नोंदी कुठल्या कपाटात आहेत हे ज्याला माहीत असतं तोच जातो.

अभ्यासिका_खोली

काका, तुमचा आदर ठेवून बोलतो. मी शाहूवाडी तालुक्यातला, राजारामपुरीत खोली घेऊन राहतो, स्पर्धा परीक्षा देतो. वय २९. अभ्यासिकेचे, मेसचे, खोलीचे पैसे वडील दूध घालून पाठवतात.

५८ चं ६० झालं की पुढची दोन वर्षं गट क पर्यंत जवळजवळ कुणीच निवृत्त होणार नाही. जागा रिकामी झाली नाही तर खात्याकडून मागणीपत्र जाणार नाही, जाहिरात निघणार नाही. तुमची दोन वर्षं वाढतात आणि आमची दोन वर्षं जातात. खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा २०१६ मध्ये वाढवली, पण आमच्यातल्या मोठ्या पोरांना ती आताच लागायला आलीय. त्यांच्यासाठी दोन वर्षं म्हणजे सगळं संपणं.

सम्राटनगरकर

बाळा, तुझी तळमळ कळते. पण माझ्याच कार्यालयात गेल्या काही वर्षांत जे गेले त्यांच्या सगळ्या खुर्च्या भरल्या का? नाही. काहींचा पदभार माझ्याच टेबलावर आला, काही ठिकाणी एजन्सीची पोरं आली. मी गेलो म्हणून तू येशील असं सरळ गणित राहिलेलं नाही.

अभ्यासिका_खोली

मान्य. मग भांडण एजन्सीशी आहे, आणि तिथं आपण दोघं एकाच बाजूला आहोत. पण तुमच्या संघटनेच्या मागण्यांच्या पत्रात "रिक्त पदं भरा" ही ओळ वर घ्या आणि "वय ६०" खाली. आम्ही पण येतो तुमच्या मोर्चाला.

निवृत्त_गुरुजी

२०२३ च्या जुलैत शासनानं निर्णय काढला होता, जिल्हा परिषद शाळांत रिक्त जागी निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार मानधनावर घ्यायचं, वय ७० पर्यंत. मला विचारणा झाली. मी गेलो नाही. पेन्शन चालू आहे, शेती आहे, आणि माझ्याच हाताखाली शिकलेली दोन पोरं डी.एड. करून घरी बसलेली. त्यांच्या जागी मी जाऊन उभा राहू कसा? ज्यांनी ते काम घेतलं त्यांना मी नावं ठेवत नाही, डोंगरातल्या शाळा उघड्या राहिल्या त्यांच्यामुळं. पण ज्याला पेन्शन आहे त्याला सत्तरीपर्यंत बोलावणं येतं आणि धागाकर्ते सांगतात त्या माणसाला पन्नाशीत हाकललं जातं, यातलं उलटं चित्र मनाला टोचतं.

टाइम_ऑफिस

गुरुजी, नमस्कार. तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

सम्राटनगरकर साहेब, लागलं असेल तर माफ करा, तुमच्या घरच्या अडचणींबद्दल शंका नाही. मी वय वाढवायच्या विरोधात नाही. जगभर तेच चाललंय. चीननं १ जानेवारी २०२५ पासून पुरुषांचं ६० वरून ६३ करायला घेतलं, तेही एकदम नाही, पंधरा वर्षांत. डेन्मार्कनं २०४० पर्यंत ७० वर न्यायचा कायदा केलाय. फ्रान्सनं २०२३ मध्ये ६२ चं ६४ केलं तेव्हा तिथले लोक महिनोन् महिने रस्त्यावर होते. पण त्या देशांत हे वय म्हणजे पेन्शन कधी सुरू होणार ते वय. आपल्याकडं बहुसंख्य कष्टकऱ्यांना पेन्शनच नाही, म्हणून आपला वाद खात्यापुरता राहतो.

धार_ग्राइंडर

मी पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्या घ्या.

वर लिहिलंय ते फेटलिंगचं काम मी सतरा-अठरा वर्षं केलं. वय ५१. मागच्या दिवाळीनंतर ठेकेदार बदलला. नवा म्हणाला, जुनी यादी नको, चाळीसच्या आतली पोरं द्या. आम्ही सातआठ जण एकदम बसलो. कुणी नोटीस दिली न्हाई, कुणी हिशोब दिला न्हाई. गेटवर पास काढून घेतला, झालं.

मग लय ठिकाणी फिरलो. शिरोलीत गेटवरच वय विचारत्यात. एका ठिकाणी आत घेतलं, मशीन हातात दिलं, अर्धा तास काम बघितलं, काम आवडलं बी. आधार कार्ड बघितल्यावर म्हणले कळवतो.

आता एका अपार्टमेंटात वॉचमन आहे. बारा तास. पगार आधीपेक्षा निम्म्याच्या जरा वर. खुर्चीवर बसून असतो म्हणून लोकांना वाटतं आराम आहे. रात्री दोननंतर कंबर धरती. मंडळी दोन घरची धुणीभांडी करत्यात, आधी करत नव्हत्या.

कारखान्याचं काम मला येतंय अजून. कास्टिंगवर नुसता हात फिरवला तरी कुठं ब्लोहोल (हवेची पोकळी) असंल सांगतो. हे कुणी विचारत न्हाई, वय तेवढं विचारत्यात.

गोकुळ_शिरगाव_युनिट

धार_ग्राइंडर दादा, वाचून वाईट वाटलं. मी छोटा कारखानदार आहे, मशीन शॉप आणि एक लहान फाउंड्री. आमची बाजू कुणी मांडत नाही म्हणून खरं खरं लिहितो.

आम्ही वय का बघतो? पहिलं कारण पगार. वीस वर्षांचा अनुभवी माणूस जेवढ्यात येतो त्यात ठेकेदार ओडिशा-बिहारची दोन तरुण पोरं देतो. ती खोलीवर राहतात, ओव्हरटाइमला नाही म्हणत नाहीत. दुसरं, अपघाताची भीती. भट्टीसमोर चौदाशे अंशाचा रस, लॅडल (रसाचं भांडं) धरलेल्या माणसाला चक्कर आली तर काय होईल याचा विचारही नको वाटतो. तिसरं, गाड्यांच्या कंपन्यांकडून ऑर्डर घेताना भाव ठरलेला असतो, तिथं आम्हाला बोलायला जागा नसते.

आता दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी आमचं रिजेक्शन अचानक वाढलं. कास्टिंगला पृष्ठभागावर भोकं, खवले. लॅबचे आकडे सगळे बरोबर. शेवटी एका निवृत्त मोल्डर (साचे करणाऱ्या) मेस्त्रींना घरून बोलावून आणलं. ते मिक्सरपाशी गेले, मूठभर वाळू घेतली, दाबली, मधोमध मोडली, तुटलेली कड बघितली. परत दुसरी मूठ, दुपारच्या पाळीत. म्हणाले, सकाळी वाळू ठीक आहे, दुपारी गरम वाळू परत येते आणि तुमचा पोरगा तेवढंच पाणी घालतोय. परतीची वाळू थंड व्हायला वेळच मिळत नव्हता. चाचणी सकाळीच व्हायची म्हणून आकडे बरोबर येत होते. त्याच आठवड्यात रिजेक्शन खाली आलं. मेस्त्री ६४ वर्षांचे आहेत. आता आठवड्यातून तीन दिवस येतात, चार तास बसतात, पोरांना शिकवतात. हे आधी का सुचलं नाही, याचं उत्तर एवढंच की आमच्या धंद्यात माणसाकडं हात म्हणून बघायची सवय झालीय.

कोष्टी_गल्ली_ताई

दादा, तुमच्या मेस्त्रींची गोष्ट चांगली आहे, पण असे मेस्त्री किती? दहा फेटलरमधला एखादाच शिकवणारा होऊ शकतो. बाकी नऊ जणांचं काय?

मी इचलकरंजीची, वय ४९. एका सूत व्यापाऱ्याकडं हिशोब लिहायचे, आधी वहीत, मग टॅलीवर. जीएसटी आलं तेही शिकले. पेढी बंद झाली आणि तेव्हापासून शोधतेय. जाहिरातीत सरळ लिहितात, "फक्त महिला, वय २५ ते ३५". बाईचं वय पुरुषाच्या दहा वर्षं आधी होतं नोकरीच्या बाजारात. सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा मधली तीन वर्षं घरी होते, ती सुट्टी घेतल्यासारखी विचारतात.

मला एक सांगा, असं वय लिहिणं कायद्यात बसतं का?

टाइम_ऑफिस

ताई, दुर्दैवानं खाजगी नोकरीत वयावरून डावलण्याला अडवणारा कायदा आपल्याकडं नाही. राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, रहिवास यांवरून भेद करायचा नाही असं आहे. वय त्या यादीत नाही. ब्रिटननं २०११ मध्ये मालकाला केवळ ६५ झालं म्हणून निवृत्त करायचा अधिकारच काढून घेतला. तसं काही इथं यायला हवं, निदान जाहिरातीत वय लिहायला बंदी तरी.

आणि आपल्या योजना बघा. २०२४ पासूनची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, त्यात बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८, पदवीधराला १० हजार विद्यावेतन सरकार देतं. वय १८ ते ३५. चांगलीच योजना आहे. पण त्याच कारखान्यात ५० च्या माणसाला नवं काम शिकवायला सरकार काही देतं का? फेटलरला तपासणीवर, स्टोअरला, गेजिंगला (मापं तपासायला) बसवायचं तर दोन-तीन महिने शिकवावं लागेल. त्या काळातला अर्धा पगार सरकारनं दिला तर गोकुळ शिरगाव दादांसारखे मालक पुढं येतील की नाही? तुमच्या "बाकी नऊ जणांचं काय" या प्रश्नाला माझ्याकडं हेच उत्तर आहे.

गोकुळ_शिरगाव_युनिट

येतील. मी तर येईन. अजून एक सांगतो, ५८ नंतरच्या माणसाला ठेवलं तर मालकावर पीएफचा बोजा वाढतो असं काहींना वाटतं. तसं नाही ना? टाइम_ऑफिस यांनी सांगावं.

टाइम_ऑफिस

नाही वाढत. ५८ पूर्ण झाल्यावर त्याच्या नावचं पेन्शनच्या खात्यात जाणारं ८.३३ टक्के थांबतं आणि मालकाचा पूर्ण हिस्सा पीएफमध्ये जातो. रक्कम तेवढीच. ईएसआयला तर वयाची अट नाही, पगार मर्यादेत असला की झालं.

याच ओघात कामगारांसाठी दोन गोष्टी, कारण विचारणारे रोज येतात. ५८ ला पेन्शन सुरू करायलाच पाहिजे असं नाही. काम चालू असेल तर ६० पर्यंत थांबता येतं, दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. उलट पन्नाशीनंतर लवकर घेतलं तर ५८ ला जेवढी वर्षं कमी, तेवढ्या वर्षांचे दरवर्षी ४ टक्के कमी होतात आणि ते जन्मभर कमीच राहतं. काम सुटल्यावर घाबरून ५१-५२ ला पेन्शन चालू करणारे मी बघितलेत. फार नड नसेल तर करू नका.

आणि निवृत्तीच्या आधी किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये असाल तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना दवाखाना चालू राहतो. हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. निवृत्त होताना कार्यालयातून तसा दाखला मागून घ्या.

ओसाकाकर

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या जपानात. इथं कायद्यानं कंपनीला ६५ पर्यंत काम द्यावंच लागतं, आणि २०२१ पासून ७० पर्यंत द्यायचा प्रयत्न करावा असं आहे. निवृत्तीचं वय वाढवा, ते काढून टाका किंवा निवृत्त करून परत घ्या, मार्ग कंपनीनं निवडायचा. बहुतेक कंपन्या तिसरा निवडतात. त्यात पगार बराच खाली येतो, कालपर्यंत हाताखाली असलेला आज वरिष्ठ होतो, आणि हे जुन्या लोकांना जड जातं. तरी काम आहे. आमच्या प्लांटमध्ये साठीपुढच्यांसाठी टेबलांची उंची बदललीय, वजन उचलायला छोटे होइस्ट लावलेत. खर्च फार नाही. फेटलिंगला ग्राइंडर वरून स्प्रिंग बॅलन्सरला टांगला तरी हातावरचं वजन जातं. कोल्हापुरात असे बॅलन्सर सहज मिळतात.

धार_ग्राइंडर

आमच्यात एका लाइनीला होता बॅलन्सर. बिघडल्यावर परत कुणी लावला न्हाई.

सम्राटनगरकर

धागा वाचत होतो. पुढच्या आठवड्यात आमच्या संघटनेची बैठक आहे. अभ्यासिका_खोली याची सूचना मांडतो: रिक्त पदं भरा हे पहिलं, वय दुसरं. ठराव होईल की नाही माहीत नाही. पण ईपीएस-९५ च्या किमान पेन्शनचा मुद्दा आम्ही आमच्या पत्रात घ्यायला काय हरकत आहे? आमच्या प्रत्येकाच्या घरात एक तरी कारखान्यातला भाऊ, मेहुणा आहेच.

कोष्टी_गल्ली_ताई

साहेब, त्यात जाहिरातीतल्या वयाचाही मुद्दा घाला.

आणि माझ्यासारख्या कुणी असतील तर सांगते, केंद्राचं ज्येष्ठांसाठी नोकरीचं एक पोर्टल आहे, 'सेक्रेड' नावाचं, ऑक्टोबर २०२१ पासून. पण ते साठीच्या पुढच्यांसाठी. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, तीही तशीच. पस्तिशीला तरुणांच्या योजना संपतात, साठीला ज्येष्ठांच्या सुरू होतात. मधली पंचवीस वर्षं सरकारच्या हिशोबात आपण कुणीच नाही.

अभ्यासिका_खोली

ताई, हे वाचून माझ्या वडिलांचा विचार आला. ते ५४ चे आहेत. आधी वारणेच्या बाजूला एका युनिटमध्ये होते, तिथलं सुटलं म्हणून म्हशी घेतल्या. मी त्यांना कधी विचारलंच नाही की पीएफचं काय झालं.

टाइम_ऑफिस

आज रात्री फोन करून विचार. एकूण दहा वर्षं भरली असतील तर पेन्शनचा हक्क आहे, नोकरी सुटली असली तरी. पैसे काढून घेतले असतील तर तेवढी वर्षं गेली. हाच सगळ्यात मोठा तोटा होतो ठेक्यावरच्या लोकांचा: ठेकेदार बदलला की जुन्या खात्यातले पेन्शनचे पैसे काढायचे, नवं खातं उघडायचं, आणि नोकरीची वर्षं परत शून्यापासून. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच ठेवा, जुनं खातं नव्यात वर्ग करून घ्या, काढू नका.

धार_ग्राइंडर

साहेब, मलाबी एक विचारायचं होतं. माझं पीएफ दोन ठेकेदारांच्या नावावर आहे, काढलेलं न्हाई. पण आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, नुसतं साल सांगितलं होतं तवा त्यांनीच घातली. शाळेच्या दाखल्यावर १ जून. पीएफमध्ये काय आहे कुणास ठाऊक. ५८ ला अडचण यील का?

टाइम_ऑफिस

येईल, म्हणून आत्ताच करून घ्या, सात वर्षं हातात आहेत. तारखा जुळल्या नाहीत की पेन्शनचा १०-डी फॉर्म अडकतो आणि मग साठीच्या माणसाला महिनोन् महिने हेलपाटे बसतात.

आधी यूएएनवर लॉगिन करून पीएफमध्ये कुठली तारीख आहे ती बघा. मुलाला सांगा, मोबाईलवर दिसते. मग शाळेत जाऊन दाखल्याची नवी प्रत काढा, शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही ठळक हवी. आधारवरची तारीख आधी दुरुस्त करून घ्या, ती एकदाच बदलता येते, म्हणून कुठला पुरावा चालतो ते केंद्रावर विचारून मगच फॉर्म भरा. पीएफमधली तारीख चुकीची असेल तर संयुक्त घोषणापत्र भरावं लागतं, त्यावर बऱ्याचदा मालकाची मंजुरी लागते. जन्मतारखेचा पुरावा म्हणून पीएफ ऑफिस जानेवारी २०२४ पासून आधार धरत नाही, म्हणून शाळेचा दाखला जपून ठेवा. जुना ठेकेदार सही करत नसेल तर मुख्य कारखान्याच्या टाइम ऑफिसात जा, तुमची हजेरी त्यांच्याकडंही असते.

आणि त्या सतरा-अठरा वर्षांच्या ग्रॅच्युइटीचं कुणी बोललं का तुमच्याशी? पाच वर्षांपुढं सलग काम असेल तर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, शेवटच्या मूळ पगार-महागाई भत्त्यावर, भागिले २६. चौदा हजारांवर सतरा वर्षं धरली तर १ लाख ३७ हजारांच्या वर रक्कम होते. ठेकेदार बदलला म्हणून ते आपोआप बुडत नाही, पण दावा करावा लागतो आणि उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या, ईएसआयचं कार्ड, जुना गेटपासचा फोटो, जे असेल ते एका पिशवीत घालून ठेवा. मला इथं खाजगी निरोप पाठवा, रविवारी भेटू, अर्ज मी लिहून देतो.

धार_ग्राइंडर

रविवारी माझी दिवसपाळी आहे. संध्याकाळी सातनंतर चालंल का?

टाइम_ऑफिस

चालेल. तुमच्याबरोबर बसलेल्या त्या सातआठ जणांनाही घेऊन या.